हसऱ्या भगिनीची हकीकत

(महोत्सवाच्या नोव्हेनात, गायनमंडळाच्या सायंकाळी केलेले भाषण)



आजची सायंकाळ गायनमंडळाची आहे, आणि अशा प्रसंगी संत सिसिलियेचे चरित्र सांगण्याचा प्रघात आहे. प्रघात उत्तम आहे. परंतु दर वर्षी २२ नोव्हेंबर रोजी ते चरित्र आपण ऐकतोच, आणि आमच्या गायनमंडळातील मुलांस ते इतके पाठ झाले आहे की आमच्या मुखातून पुढले वाक्य निघण्यापूर्वीच त्यांच्या ओठांवर ते उमटलेले आम्हांस दिसते. म्हणून आज आम्ही एका निराळ्या गायिकेची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. त्या संत नव्हेत, आणि त्यांस संत म्हणावे असा आमचा आग्रहही नाही. त्यांनी गाणी स्वतः रचिली, त्यांस चाली स्वतः लाविल्या, ती स्वतः गायिली, आणि वयास ३० वर्षे पुरी होतात न होतात तोच, मठाच्या भिंतीआड राहून, त्या अर्ध्या जगास ठाऊक झाल्या. मात्र त्यांचे खरे नाव त्या अर्ध्या जगातील फारच थोड्यांस ठाऊक होते.

त्या बेल्जियम देशातल्या. १७ ऑक्टोबर १९३३ रोजी ब्रुसेल्स शहराच्या लाकेन नामक भागात एका मिठाईवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. झान-पोल मारी डेकर्स असे त्या मुलीचे भलेमोठे नाव. तिला झानीन असे म्हणत. मिठाईवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पेढे आणि जिलेबी उभी राहील, तसे नव्हे. तिकडे लोण्याच्या पापुद्र्यांचे नाना प्रकार आणि केक भाजून विकणारे कारागीर असतात, त्यांपैकी एकाची ती मुलगी. १० मे १९४० रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले तेव्हा झानीन साडेसहा वर्षांची होती. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रुसेल्स मुक्त झाले तेव्हा तिचे अकरावे वर्ष सरत आले होते. ज्या देशात पीठ, साखर आणि लोणी ही शिध्याच्या पत्रकावर मोजून मिळत होती, त्या देशात मिठाईचा धंदा करणाऱ्यांची काय दशा झाली असेल, ते रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांस समजावून सांगावयास नको.

तिचे शिक्षण कॅथॉलिक शाळेत झाले. अभ्यासापेक्षा तिचा जीव रमला तो गर्ल गाइडच्या पथकात. रानात तंबू ठोकावे, लाकडे गोळा करावी, रात्री शेकोटीभोवती बसून गावे, हा त्या पथकांचा नेम आपणांस ठाऊक आहेच. अशा रात्री वाजविता यावी म्हणून तिने आपली पहिली गिटार विकत घेतली. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे जे काही घडले त्याचे बीज रंगमंचावर पडले नाही. शेकोटीपाशी पडले, जेथे गाणारा आणि ऐकणारा असा भेद नसतो. एकाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी ती उचलावी. तिच्या गाण्यांची ठेवण शेवटपर्यंत तशीच राहिली. धृपद लहान, चाल सोपी, आणि दुसऱ्यांदा ऐकताच कोणासही साथ देता यावी अशी.

शाळेनंतर तिने चित्रकला शिकविली. शिल्पकला शिकविण्याचे शिक्षणही ती घेत होती. परंतु शिक्षिकेचा पेशा आपला नव्हे असे तिच्या मनाने घेतले, आणि सप्टेंबर १९५९ मध्ये, २६वे वर्ष पुरे होण्याच्या सुमारास, ती वॉटर्लूजवळील फिशरमाँ येथील डोमिनिकन मिशनरी भगिनींच्या मठात दाखल झाली. १८१५ साली नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला त्या रणभूमीच्या पूर्व अंगास हे फिशरमाँ आहे. तेथे तिला सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल हे नाव मिळाले. येथून पुढे आम्हीही त्यांस आदराने संबोधू.

या नावाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आमच्याने राहवत नाही. संत लूक हे परंपरेने चित्रकारांचे आश्रयदाते मानले जातात. म्हणजे चित्रकलेच्या शिक्षिकेस ते नाव शोभलेच. शिवाय नव्या करारातील मोठी गीते त्यांच्याच शुभवर्तमानात आहेत. पवित्र मरियेचे स्तोत्र, जखऱ्याचे गीत, वृद्ध शिमोनाचे गीत, आणि बेथलेहेमच्या रात्रीचे देवदूतांचे गौरवगान, ही चारही लूकनेच आपणांस दिली. आणि गॅब्रिएल दूताच्या अभिवादनावाचून आपली जपमाळ सुरूच होत नाही. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे सारे होते की नव्हते, देव जाणे. पण गायिकेस याहून साजेसे नाव आम्हांस तरी सुचत नाही.

आता मठातील जीवन कसे असते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पहाटेची घंटा, मौन, प्रार्थनांचे ठरलेले प्रहर, काम, अध्ययन, आणि दिवसातून एकदा मोकळेपणाचा तास, ज्यात बोलावे, हसावे, खेळावे. सेमिनरीत असताना आम्हीही त्या तासाची वाट चातकासारखी पाहत असू. अशा तासास सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल यांची गिटार निघे. मठात येणाऱ्या प्रत्येकीस नवे नाव मिळते, त्या न्यायाने या गिटारीसही एक नाव मिळाले: सिस्टर आदेल. पुढे तिच्यावर एक गाणेही झाले. उपासनेत त्या काळी लॅटिन भाषा, ग्रेगोरियन गायन आणि ऑर्गन यांचे राज्य होते; गिटार हे शेकोटीचे आणि खाणावळीचे वाद्य समजले जाई. तरीही मठाच्या वरिष्ठ मातेने ते वाजवू दिले, हे तिचे औदार्य म्हटले पाहिजे, आणि पुढील हकीकत ऐकताना हे औदार्य विसरता कामा नये.

सिस्टरांची गाणी फ्रेंच भाषेत होती. जे गाणे पुढे जगभर गेले त्याचे नाव 'डोमिनिक'. संघाचे संस्थापक संत डोमिनिक पायी भटकत, गरिबीत, गाणी गात देवाविषयी बोलत फिरले, एवढाच त्याचा विषय. चालीला पायांचा ठेका आहे. ऐकणाऱ्यास वाटावे की कोणी रस्त्याने झपझप चालले आहे. आणि यात कवयित्रीने पदरचे फारसे काही घातलेले नाही. संत डोमिनिक यांचा जन्म स्पेनमधील कालेरुएगा गावी ११७०च्या सुमारास झाला. पालेन्सिया येथे विद्यार्थी असताना दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी टिपणे लिहिलेले ग्रंथ विकून गरिबांस अन्न दिले. त्या काळी ग्रंथ कातड्यावर लिहिलेले असत. जिवंत माणसे भुकेने मरत असता आपण मेलेल्या कातड्यांवर अभ्यास करीत बसावे हे त्यांस सहन होईना. १२१६ साली परमगुरू तिसरे होनोरियस यांनी त्यांच्या संघास मान्यता दिली आणि १२२१ साली बोलोन्या येथे ते वारले. त्यांस संतपद देण्याच्या चौकशीत त्यांच्या सोबत्यांनी साक्ष दिली की, वाटेने चालताना ते मोठ्याने पवित्र मरियेचे स्तोत्र गात असत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या एका गात चालणाऱ्या माणसावर मठातील एका गात राहणाऱ्या भगिनीने गाणे केले.

हा संघ आपणांस परका नाही. डोमिनिकन धर्मगुरू १५४८ साली गोव्यास आले, आणि वसईच्या किल्ल्यात त्यांच्या देवळाचे व मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. किल्ल्यात सहलीस जाणाऱ्या आपल्या मुलांस त्या भिंती कोणाच्या हे सहसा सांगता येत नाही; यापुढे तरी सांगता यावे.

असो. मठात येणाऱ्या पाहुण्यांस आणि ध्यानसाधनेस येणाऱ्या मुलींस ही गाणी इतकी आवडू लागली की, त्यांची एक तबकडी निघावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांस ती घेता यावी, असे वरिष्ठांच्या मनात आले. हेतू एवढाच होता. १९६१ साली ब्रुसेल्समध्ये फिलिप्स कंपनीकडे ध्वनिमुद्रण झाले; सिस्टर गायिल्या, आणि मठातल्याच भगिनींनी मागून साथ धरली. वाद्यवृंद नाही, झगमगाट नाही. कंपनीच्या कानास मात्र तेथे काही वेगळे ऐकू आले, आणि पाहुण्यांसाठी योजिलेली वस्तू बाजारासाठी ठरली.

येथे नावाचा प्रश्न उपस्थित झाला. मठवासिनीचे नाव बाजारात फिरावे हे मठास रुचणारे नव्हते. तेव्हा एक टोपणनाव निघाले, 'सर सूरीर', म्हणजे हसरी भगिनी. योगायोगाने या शब्दात आपल्या मराठी कानास 'सूर' ऐकू येतो. हे नाव सिस्टरांचे स्वतःचे नव्हते आणि त्यांस ते मनापासून आवडलेही नाही. ज्यास हसरी म्हणून जगाने एकदा ओळखिले, त्याने रडावयाचे तरी कोठे? अमेरिकेत तर तेही नाव उरले नाही. तेथे त्यांस नुसते 'गाणारी धर्मभगिनी' म्हणू लागले.

१९६३ साली 'डोमिनिक' युरोपात गाजले, आणि वर्ष सरत असता अमेरिकेत पोहोचले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, संत सिसिलियेच्याच दिवशी, डॅलस शहरी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. अमेरिकेचे ते पहिले कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष. सारे राष्ट्र सुतकात असता दोन आठवड्यांनी, ७ डिसेंबरच्या यादीत, हे फ्रेंच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आले आणि चार आठवडे तेथेच राहिले. एकाच वेळी त्यांचे गाणेही पहिले आणि गाण्यांची संपूर्ण तबकडीही पहिली, असे झाले. दुःखात माणसास निरागस सुराची ओढ लागते, म्हणून ते चढले, असे कित्येक म्हणतात. आम्हांस ते पटते. पण नुसते दुःख एखाद्या गाण्यास चार आठवडे वर धरून ठेवू शकत नाही. चाल गोड होती हेही कबूल केले पाहिजे.

यातली एक गंमत सांगतो. त्याच सुमारास दुसऱ्या क्रमांकावर 'लुई लुई' नावाचे एक धांगडधिंग्याचे गाणे अडकून पडले होते. त्याचे शब्द इतके अस्पष्ट होते की, त्यात काही अश्लील दडलेले आहे काय याचा पुढे अमेरिकेच्या संघीय तपास खात्याने शोध केला, आणि त्या खात्यासही शब्द लागले नाहीत! म्हणजे त्या डिसेंबरात अमेरिकन जनता ज्या दोन गाण्यांवर डोलत होती, त्यांपैकी एकाचे शब्द फ्रेंच म्हणून कळत नव्हते, आणि दुसऱ्याचे इंग्रजी असूनही. आमच्या गायनमंडळाने यातून काय घ्यावयाचे ते घ्यावे. उच्चाराविषयी आम्ही दर शनिवारी बोलतच असतो.

याच आठवड्यात रोममध्ये एक मोठी गोष्ट घडली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला व परमगुरू सहावे पौल यांनी तो जाहीर केला. ग्रेगोरियन गायनास मानाचे स्थान आणि पाइप ऑर्गनचा गौरव कायम ठेवून त्याने मातृभाषेस उपासनेचे दार उघडले, आणि योग्य अशी इतर वाद्येही येऊ देण्यास मोकळीक दिली. एकीकडे रोममध्ये हा निर्णय, आणि तीनच दिवसांनी एका धर्मभगिनीचे गिटारीवरचे गाणे अमेरिकेत सर्वांच्या पुढे. एकाने दुसरे घडविले असे नव्हे. पण जुन्या भिंतीत दोन ठिकाणी एकाच वेळी खिडकी उघडली. मराठी माणसास मात्र यात अगदीच नवल वाटावयाचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापिलेले 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचिले होते. मुखाने म्हणावे, कानाने ऐकावे, म्हणूनच ते होते. आपण या बाबतीत साडेतीनशे वर्षे आधी होतो, एवढा अभिमान महोत्सवाच्या दिवशी क्षम्य ठरावा.

५ जानेवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या अमेरिकेतील सुप्रसिद्ध दूरचित्रवाणी कार्यक्रमात सिस्टर दिसल्या. त्या तेथे गेल्या नाहीत. सलिव्हनच आपली यंत्रे घेऊन मठात आले. त्याच कार्यक्रमात पाच आठवड्यांनी, ९ फेब्रुवारीस, बीटल्स हे इंग्लंडचे चार तरुण अवतरले, आणि जगाची अभिरुची निराळ्या वाटेने गेली. १९६४ सालीच धार्मिक गीतांचा ग्रॅमी पुरस्कार सिस्टरांच्या नावे झाला. येथे त्यांच्या कीर्तीचे शिखर झाले. शेकोटीपासून येथवर यावयास किती दिवस लागले, तर मठप्रवेशापासून मोजिल्यास साडेचार वर्षांच्या आतबाहेर.

बंधुभगिनींनो, येथवरची हकीकत सर्वत्र सांगितली जाते. लोकांस ती आवडते. आम्हांस मात्र आज जे सांगावयाचे आहे ते पैशासंबंधी आहे. देवळात पैशाविषयी बोलले की लोक चुळबुळ करतात हे आम्ही जाणतो. तरी थोडा धीर धरावा.

व्रतस्थ माणसाचे दारिद्र्यव्रत म्हणजे केवळ साधे राहणे नव्हे. १९१७ सालच्या धर्मसंहितेच्या ५८०व्या कलमाप्रमाणे व्रतस्थ व्यक्ती आपल्या श्रमाने जे मिळविते ते तिचे नसते. तिच्या संघाचे असते. आजच्या संहितेतही तत्त्व तेच आहे. त्यामुळे तबकड्यांच्या उत्पन्नातून कंपनीचा वाटा वजा जाता उरले ते मठास गेले. यात अन्याय कोणता? कोणताही नाही. सिस्टरांनी हे व्रत डोळे उघडे ठेवून घेतले होते, आणि मठाचे मिशनकार्य होते. अडचण ही की, व्रत घेताना समोर शिलाईची, शिकवणीची, भाजीच्या मळ्याची कमाई असते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाखोंनी खपणारी तबकडी नव्हती.

पुढील भाग आम्ही लवकर सांगतो, कारण तो सांगण्यात आम्हांस आनंद नाही. सिस्टरांस ईश्वरविद्येच्या अभ्यासास लूव्हेंच्या विद्यापीठात पाठविले गेले. १९६६ साली हॉलिवूडने त्यांच्या जीवनावर डेबी रेनॉल्ड्स या नटीस घेऊन बोलपट काढिला; त्यातली हकीकत काल्पनिक आहे असे म्हणून त्यांनी स्वतःच ती झटकून टाकिली. त्याच वर्षी त्या मठातून बाहेर पडल्या. बाहेर येताच कळले की 'हसरी भगिनी' हे नाव आता त्यांस वापरता येत नाही. करार तसा होता. तेव्हा 'ल्यूक डोमिनिक' या नावाने त्या गाऊ लागल्या, आणि १९६७ साली 'मी तारका नव्हे' अशा अर्थाच्या नावाची तबकडी काढिली. जगाने त्यांचा शब्द खरा मानिला व तबकडी घेतली नाही. त्याच वर्षी त्यांनी संततिनियमनाच्या गोळीचे स्तवन करणारे एक गाणे केले. ख्रिस्तसभेची या विषयातील शिकवण परमगुरू सहावे पौल यांच्या १९६८ सालच्या परिपत्रकात स्पष्ट आहे आणि आम्ही तिच्याशी बांधलेले आहो. म्हणून ते गाणे आम्ही वाखाणू शकत नाही. पण ते केले म्हणून बाकीची गाणी खोटी ठरत नाहीत. पुढे त्यांनी आपली जिवलग सखी अ‍ॅनी पेशेर हिच्यासह आत्ममग्न मुलांसाठी शाळा चालविली, हेही त्याच हातांचे काम.

मग आला सरकारचा कागद. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियमच्या कर खात्याने जुन्या उत्पन्नावरील कर मागितला. गाणी तुमची, तेव्हा उत्पन्न तुमचे, असे खात्याचे म्हणणे. ते पैसे मठास गेले, मजपाशी कधी आलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. खाते म्हणाले, पावत्या दाखवा. दारिद्र्यव्रतात राहिलेल्या बाईजवळ पावत्या कोठून असणार? १९८२ साली, कर्ज फेडावे म्हणून, त्यांनी 'डोमिनिक' पुन्हा एकदा गायिले, या खेपेस विजेच्या वाद्यांच्या नव्या ठेक्यावर. ते चालले नाही. जी चाल पायी चालणाऱ्या माणसाची होती, तीस यंत्राचा ठेका कसा मानवावा?

२९ मार्च १९८५ रोजी वाव्र गावी त्या आणि अ‍ॅनी पेशेर या दोघींनी आपल्या जीवनाचा अंत करून घेतला. सिस्टरांचे वय ५१ वर्षांचे होते. आपण श्रद्धा सोडिलेली नाही, आणि आपला अंत्यविधी देवळात व्हावा, असे त्यांनी लिहून ठेविले होते. वाव्र येथील दफनभूमीत त्या दोघी एकत्र विसावल्या आहेत. जुन्या संहितेच्या १२४०व्या कलमाने अशा मृतांस ख्रिस्ती दफन नाकारिले जाई. १९८३ सालच्या संहितेत तो उल्लेख उरलेला नाही, आणि धर्मशिक्षणग्रंथ आपणांस सांगतो की, अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. परमेश्वराजवळ त्यांच्यासाठी वाटा आहेत ज्या त्यालाच ठाऊक. येथे बसलेल्यांपैकी कोणाच्या मनावर असे ओझे असेल, तर त्याने रात्री कितीही वाजता आमचे दार ठोठवावे. आम्ही जागे असतो, आणि नसलो तर जागे होऊ.

आता दोष कोणाचा? मठाने काहीच केले नाही असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. काही रक्कम त्यांस पुढे दिली गेली होती. कंपनी आपल्या कराराप्रमाणे वागली. कर खाते आपल्या कायद्याप्रमाणे वागले. प्रत्येकाच्या हातात कागद होता, आणि प्रत्येकाचा कागद बरोबर होता. कागद नव्हता तो एकटीपाशी, जिने गाणी केली होती तिच्यापाशी. पण ख्रिस्तसभेच्या त्याच जुन्या संहितेत ६४३वे कलम आहे. त्याचा पहिला भाग म्हणतो की, संघ सोडून जाणाऱ्यास केलेल्या कामाबद्दल काही मागता येणार नाही. लोक येथेच थांबतात. दुसरा भाग म्हणतो की, हुंड्यावाचून घेतलेली भगिनी बाहेर पडली आणि तिच्यापाशी काही नसले, तर तिला सुखरूप घरी पोहोचता यावे, आणि काही काळ सन्मानाने जगता यावे, इतके संघाने प्रेमापोटी दिलेच पाहिजे. नव्या संहितेच्या ७०२व्या कलमात हेच न्यायबुद्धी आणि शुभवर्तमानाचे प्रेम या शब्दांनी सांगितले आहे. सेमिनरीत हे कलम आम्हांस एका तासात शिकविले गेले. आमच्या मते त्यास अधिक तास दिले पाहिजेत. मागण्याचा हक्क नाही एवढ्यावरून देण्याचे कर्तव्य संपत नाही, आणि पावती हीदेखील देण्याजोगी वस्तू आहे.

तुम्ही म्हणाल, बेल्जियमच्या या हकीकतीचा आमच्या गायनमंडळाशी काय संबंध? आपल्या गाण्यांतून कोणी लक्षाधीश होणार नाही हे खरे. परंतु आज आपल्या देवळात नवे गीत गायिले की कोणी तरी भ्रमणध्वनीवर ते टिपून घेतो, आणि मिस्सा संपण्यापूर्वी ते दुबईस व कुवेतला आपल्या माणसांच्या कानी पडलेले असते. पुढल्या महिन्यात दुसऱ्या गावच्या लग्नात तेच वाजते. गीत जाते, नाव मागे राहते.

देवळाच्या कपाटात गायनमंडळाची एक जाड वही आहे. मागील पन्नास वर्षांत आपल्याच लोकांनी केलेली गीते तीत निरनिराळ्या हस्ताक्षरांत उतरलेली आहेत. महोत्सवानिमित्त आम्ही ती पानन् पान पाहिली. पुष्कळ गीतांखाली रचनाकाराचे नाव नाही. काहींखाली नुसती अक्षरे आहेत. जन्मसणाचे जे गीत आपण सारे मुखोद्गत म्हणतो, त्याखालीही काही नाही. वृद्ध मंडळींस ही नावे ठाऊक असली पाहिजेत. कोणी शेतात भात लावताना चाल बांधिली, कोणी वसईहून चर्चगेटच्या गाडीत उभ्या उभ्या शब्द जुळविले, हे तुमच्यापैकीच कोणी कोणी आम्हांस सांगितले आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ती वही धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर मेजावर उघडी ठेविलेली असेल. ज्यांस जे नाव ठाऊक असेल ते त्यांनी येऊन त्या गीताखाली लिहावे. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावे, गायनमंडळातील मुले लिहितील. शाईचे पेन आम्ही ठेवू.